फॉर्मवर सगळं एक्सलंट

आज कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत (धातू ओतून सुटे भाग बनवणारा कारखाना) सुपरवायझर लोकांचं ट्रेनिंग घेतलं, तांबड्या-पांढऱ्यावर ताव मारून झाल्यावर फीडबॅक फॉर्म गोळा केले, मग काय, सगळ्यांचं पाचपैकी पाच, एका पठ्ठ्यानं तर सेशन सुरू व्हायच्या आधीच टिका मारून ठेवलेल्या 😄 डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकन प्राध्यापकानं १९५९ लाच ट्रेनिंगचा उपयोग झाला का ते तपासायच्या चार पायऱ्या सांगितल्यात, आवडलं का, शिकले का, कामावर वागणं बदललं का आणि कंपनीला फरक पडला का, आपण मात्र पहिलीवरच मांडी घालून बसतोय. कंपनीच्या साहेबांना म्हटलं दोन-तीन महिन्यांनी शॉपफ्लोअरवर येतो, शिफ्ट बदलताना हे सुपरवायझर कामगार पोरांशी कसं बोलतात ते बघू, कास्टिंग रिजेक्शनचे, म्हणजे खराब निघालेल्या ओतीव भागांचे, आधीचे-नंतरचे आकडे पण काढा (रिजेक्शन साच्याच्या वाळूमुळं पण वाढतंय, सगळंच ट्रेनिंगच्या खात्यावर टाकायचं नाही). साहेब म्हणाले, "फॉलोअपला बजेट नाही ओ सर, पण अजून एक बॅच घेऊया की."