ब्लिट्झेन नावाचा शब्दच नाही

२४ तारखेला दुपारी जावयाने पेपर आणून माझ्या मांडीवर टाकला. "बाबा, उद्या पेपर नाही. हाच दोन दिवस पुरवा."

इंग्लंडात रेडिंगला लेकीकडे हा माझा तिसरा नाताळ, त्यामुळे मला कल्पना होती. २५ डिसेंबरला इथे रेल्वे धावत नाही, मोठी दुकानं तर कायद्यानेच बंद, रस्त्यावर चिटपाखरू नसतं आणि दुपारी चारच्या सुमारास सूर्यास्त. मग माझ्यासारख्याने करायचं काय, तर नाताळचं क्रिप्टिक शब्दकोडं सोडवायचं.

हे कोडं मात्र उघडताक्षणीच घाबरवणारं निघालं. १५ बाय १५ घरांचा चौकोन, पण त्यात एकही आकडा नाही. क्लूंना आडवे-उभे नाही, क्रमांक नाहीत. प्रत्येक क्लूपुढे फक्त उत्तराचं आद्याक्षर, ए पासून सुरू. आधी उत्तरं काढायची, मग कुठलं उत्तर कुठे बसतं तेही आपणच ठरवायचं. हा प्रकार रूढ केला तो ‘अरॉकेरिया’ या टोपणनावाने कोडी रचणाऱ्या जॉन ग्रॅहम यांनी. ते पेशाने पाद्री. अरॉकेरिया म्हणजे ज्याला इंग्रज ‘मंकी पझल’ म्हणतात ते झाड. २०१३ च्या जानेवारीत त्यांनी आपल्याला कॅन्सर झाल्याचं ‘गार्डियन’ या पेपरच्या वाचकांना सांगितलं, तेही कोड्यातूनच. उत्तरं भरत गेलात की बातमी कळत होती. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते गेले.

आपल्या मराठी शब्दकोड्याशी याची तुलना करू नका. आपल्याकडे ‘क्री’ हे अख्खं जोडाक्षर मुकाट्याने एका घरात बसतं आणि ‘सूर्य’ विचारला की ‘रवी’ लिहून मोकळं होता येतं. क्रिप्टिकमध्ये क्लूचा एक तुकडा उत्तराचा अर्थ सांगतो आणि उरलेला तुकडा त्याची अक्षरं कशी जुळवायची ते सांगतो. कुठला तुकडा कोणता, हे मात्र सांगत नाहीत. बँकेत असताना आमच्या हेडकॅशियरने मला पहिला धडा दिला तो असा: एच आय जे के एल एम एन ओ, पाच अक्षरी शब्द. मी दोन दिवस ते घेऊन बसलो होतो. उत्तर ‘वॉटर’. एच टू ओ, एच पासून ओ पर्यंत! त्या दिवसापासून जे व्यसन लागलं ते लागलं.

तर या कोड्यावर सूचना होती: ‘आठ उत्तरं एकाच जातीची आहेत, त्यांचा अर्थ क्लूमध्ये दिलेला नाही. नववा चौकोनात लपला आहे. तो शोधा आणि योग्य ते घर योग्य त्या रंगाने रंगवा.’ म्हणजे दोनातला एक तुकडा कोडं रचणाऱ्याने आधीच काढून घेतलेला.

सुरुवात टी ने झाली. ‘लिसन’ची अक्षरं विस्कटली की ‘टिन्सेल’, म्हणजे झाडावरच्या चमकत्या झिरमिळ्या. मग आठातला पहिला लागला: ‘सहा, दहा, छापखान्यातली जागा’. इथे मला बापाची पुण्याई कामी आली. आमचे दादा नारायण पेठेत छापखान्यात खिळे जुळवायचे. लहानपणी डबा द्यायला गेलो की त्यांच्या तोंडी ‘एन’, ‘एम’ असायचंच. शब्दांच्या मधे बसवायचा तो कोरा खिळा, कागदावर न उमटणारा. रोमन सहा म्हणजे व्ही आय, दहा म्हणजे एक्स, आणि पुढे एन. व्हिक्सेन! कोल्हीण.

‘ये, चहा आला अशी हाक’. ये म्हणजे कम, चहा कानाला टी. कॉमेट, धूमकेतू. ‘तांबं, पार्किंग, ओळखपत्र’: सी यू, पी, आय डी. क्यूपिड, म्हणजे आपला मदन. ‘कर्क राशीचं पहिलं अक्षर एक घर पुढे’: कॅन्सरचा सी जाऊन डी आला, डान्सर. अरॉकेरिया मनात होतेच, हा क्लू भरताना हात जरा थांबला.

धूमकेतू, मदन, नर्तकी आणि कोल्हीण. ही कुठली जात? मी ज्योतिषापासून पंचतंत्रापर्यंत सगळं फिरून आलो.

एवढ्यात नात आली. वय वर्षं सात. हातात गाजर. "आबा, याचे नाइन पीसेस कर ना." मी मान वर न करता नऊ तुकडे केले. तिने ते बशीत मांडले, शेजारी एक मिन्स पाय (सुक्या फळांचं सारण भरलेला गोड पाय) ठेवला आणि बशी फायरप्लेसपाशी नेऊन ठेवली. रात्री ती झोपल्यावर लेक म्हणाली, "बाबा, गाजर तुम्ही खा, मला कच्चं सोसत नाही." क्लूवर डोळे लावून मी नऊच्या नऊ तुकडे खाल्ले.

त्यानंतर आलं बी. ‘लंडनवरचा बाँबवर्षाव, पुन्हा छापखान्यातली जागा’. ब्लिट्झ अधिक एन. एकाच कोड्यात तीच युक्ती दोनदा, याला मी आळस म्हणतो. शिवाय होतं काय, तर ब्लिट्झेन. असा शब्द ऐकला नव्हता, वाचला नव्हता. मी सरळ खोडरबर घेतलं. ‘जेवणातला मी गेला, शून्य आलं’ हा क्लू तर तुकोबांच्या गाथेत शोभला असता. डिनरमधला आय काढून ओ घातला की डॉनर. दाता म्हणावं तर स्पेलिंग चुकतं, डोनर कबाब म्हणावं तर एक एन जास्त. तोही खोडला. वैतागून झोपलो.

दुसऱ्या दिवशी लेकीने ब्रसेल्स स्प्राउट्सची गोडा मसाला घालून भाजी केली होती. (करून बघा. पण वास लपत नाही.) जेवताना मी जावयाला सांगत होतो की शब्दकोडं हे मुळात नाताळच्याच दिवसांतलं बाळ. लिव्हरपूलच्या आर्थर विन यांचं पहिलं कोडं न्यूयॉर्क वर्ल्डच्या पुरवणीत छापून आलं ते २१ डिसेंबर १९१३ ला. तो ‘हो का?’ म्हणत टीव्हीकडे बघत होता. नातीला मात्र माझ्या पेपरातली खाडाखोड दिसली. ती बोट ठेवून वाचायला लागली.

"कॉमेट, क्यूपिड... आबा, तू रेनडिअर का लिहिलेस?"

"काय?"

"सँटाचे रेनडिअर! डॅशर, डान्सर, प्रान्सर, व्हिक्सेन, कॉमेट, क्यूपिड, डॉनर, ब्लिट्झेन. आणि हे तू का रब केलंस? ब्लिट्झेन करेक्ट आहे."

तोंडातला घास तोंडातच राहिला. सँटाची गाडी हरणं ओढतात एवढं मला माहीत होतं. पण बैलांना सर्जा-राजा म्हणावं तशी त्यांनाही नावं असतील, हे माझ्या गावीही नव्हतं. संध्याकाळी शोधून पाहिलं: ही आठ नावं अमेरिकेत १८२३ साली छापलेल्या एका कवितेतली. त्यात शेवटची दोन डच होती, डंडर आणि ब्लिक्सेम, म्हणजे गडगडाट आणि वीज. पुढे त्यांचं जर्मन वळणाचं डॉनर आणि ब्लिट्झेन झालं.

मग काय, पाऊण तासात फडशा. ‘मुलगी, झाड, राणी’: डॉटरचा डी, अ‍ॅश, एलिझाबेथ राणीचे ई आर, झाला डॅशर. (राणी २०२२ मध्ये गेली, कोड्यात मात्र अजून तीच गादीवर आहे.) चौकोन मी एकदा पूर्ण चुकीचा मांडला, कारण दोन पंधरा अक्षरी उत्तरांची अदलाबदल झाली होती. पुन्हा खोडरबर, पुन्हा सगळं.

"आबा, रुडॉल्फ कुठे आहे?"

"तो कोण?"

"नववा! त्याचं नाक रेड असतं."

हे महाशय १९३९ साली एका अमेरिकन दुकानाच्या नाताळच्या पुस्तिकेतून उगवले, असं नंतर कळलं. तेव्हा मात्र आम्ही दोघं चौकोनावर ओणवे झालो होतो. आडव्या शब्दांत नाही, उभ्या शब्दांत नाही. शेवटी मला सापडला तो अगदी मधल्या ओळीत. त्या ओळीत आडवं उत्तरच नव्हतं, फक्त उभ्या उत्तरांचं एकेक अक्षर, मधेमधे काळी घरं. काळी घरं सोडून वाचलं: आर, यू, डी, ओ, एल, पी, एच. सात अक्षरं, आणि कोड्याच्या बरोबर केंद्रातल्या घरात ओ. गोल. नाक!

लाल पेन्सिल तिच्याच दप्तरात होती. "मीच करणार," म्हणाली, आणि जीभ बाहेर काढून इतक्या जोराने गिरवलं की टोक कागदातून आरपार गेलं. बक्षिसासाठी पाठवायच्या कोड्याला मधोमध भोक. ती रडवेली झाली. मी मागून पांढऱ्या कागदाचा तुकडा चिकटवला, तिने त्यावर पुन्हा, या वेळी हळूच, लाल केलं.

२७ तारखेला दोघं जाऊन पेटीत टाकून आलो. परत येताना तिने विचारलं, "आबा, गाजर कोणी खाल्लं असेल रे? नाइनही पीसेस गेले."