तीन जानेवारीचा मेळावा

आमच्या गावच्या बचतगटांच्या मंडळानं आपला वार्षिक मेळावा ८ मार्चला कधीच घेतला नाही. माणदेशात मार्च म्हणजे शाळूच्या काढणीची घाई. बायका दिवस उगवायच्या आत रानात असतात, मग मांडवात येणार कोण? पहिल्याच बैठकीत एका म्हातारीनं सांगून टाकलं होतं, "जगाचा महिला दिन असंल, पर शाळू आपला हाय." म्हणून ३ जानेवारी ठरली, सावित्रीबाई फुल्यांची जयंती. १८३१ साली त्या जन्मल्या ते नायगाव आमच्याच सातारा जिल्ह्यातलं. सकाळी शाळेत मुलींची भाषणं व्हायची, आणि दुपारी तेच पटांगण, त्याच सतरंज्या, तोच फोटो आमच्या मंडळाच्या ताब्यात यायचा. हेडमास्तर जाताना हारसुद्धा तसाच ठेवून जायचे.

आई गटाची सचिव होती, त्यामुळे मी या मेळाव्यांत अक्षरशः वाढले. शाळेत होते तेव्हा लहान मुलं सांभाळायला एका वर्गखोलीत आम्हा मुलींना बसवायचे, पण माझं लक्ष सारखं खिडकीतून बाहेर असायचं. बाहेर जमाखर्चाचं वाचन चालू असायचं, आणि मला त्याची गोडी लागली होती. आमच्या मेळाव्याचं खरं मानाचं पान तेच होतं. स्वागतगीत, दीपप्रज्वलन, पाहुण्यांची भाषणं हे सगळं त्याच्या पुढंमागं जागा मिळेल तिथं बसायचं.

एकेक गट पुढं यायचा. नियम एकच: गेल्या वर्षी जिनं वाचलं तिनं यंदा वाचायचं नाही. हा नियम कुणी सुचवला ते आता कुणालाच आठवत नाही, पण त्यानं आमच्या गावाचं जेवढं भलं केलं तेवढं मोठमोठ्या भाषणांनी केलं नाही असं मला मनापासून वाटतं. त्यामुळे माईक एकीच्याच हातात राहत नाही, फिरत राहतो. ज्या बाईनं उभ्या आयुष्यात चारचौघांत तोंड उघडलं नव्हतं, ती पदर सावरून उभी राहायची आणि म्हणायची, "आमच्या गटात सभासद बारा. बचत महिन्याला प्रत्येकी ३० रुपये. वर्षाची बचत ४,३२० रुपये. अंतर्गत कर्ज सात जणींना दिलं. थकबाकी न्हाई." त्या शेवटच्या शब्दांना अख्खा मांडव टाळ्या वाजवायचा.

आणि थकबाकी असली तर? तीही सांगायची. आकडा सांगायचा, कारण सांगायचं, नाव मात्र घ्यायचं नाही. "थकबाकी ६०० रुपये, घरात आजारपण हाय, गटानं तीन म्हयन्यांची मुदत वाढवून दिली." असं वाचन झालं तरी टाळ्या व्हायच्याच, उलट जरा जास्त वेळ. नाव न घेण्याची ही रीत कुठल्या प्रशिक्षणात शिकवलेली नव्हती. बायकांनी आपापसात ठरवली आणि आजतागायत मोडली नाही.

त्या काळात गटांच्या पत्र्याच्या पेट्या असायच्या, तीन कुलपांच्या. तीन किल्ल्या तीन घरांत. एकटी-दुकटीनं पेटी उघडताच येऊ नये म्हणून ही सोय. मेळाव्याला प्रत्येक गट आपली पेटी घेऊन यायचा, वाचन संपलं की तिघी पुढं येऊन आपापलं कुलूप काढायच्या आणि आतली रोकड सगळ्यांसमोर मोजायच्या. ज्या वर्षी अक्कांची पाळी आली ते मला स्वच्छ आठवतं. अक्कांना अक्षरओळख नव्हती. त्यांच्या गटातल्या बायका म्हणाल्या, अक्का, तुमच्या जागी दुसरी वाचंल. अक्का ऐकेनात. त्यांनी रजिस्टर मिटलेलंच सचिवांच्या हातात दिलं, म्हणाल्या, "तुमी बोट ठिवून बगा, मी सांगते." मग शेळीला दिलेलं कर्ज, पोराच्या फीला दिलेलं, दवाखान्याला दिलेलं, कुणाचे किती हप्ते आले, त्यावर दोन टक्क्यांनी व्याज किती जमलं, बँकेत किती भरलं, सगळं एका दमात. सचिवांचं बोट ओळीवरून ओळीवर सरकत होतं. शेवटी अक्कांनी पेटीतली शिल्लक सांगितली आणि तिघींनी कुलपं काढली. सांगितली तेवढीच निघाली. अक्कांनी फक्त मान हलवली आणि आपल्या जागेवर जाऊन बसल्या. सबंध मांडव उभा राहिला होता.

त्या दिवशी पाहुण्या म्हणून आलेल्या ताईंनी मग म्हसवडची गोष्ट सांगितली. आमच्या तालुक्यातलीच, पण बऱ्याच जणींनी ती पहिल्यांदा नीट ऐकली. चेतना सिन्हा आणि तिथल्या बायका बँक काढायला निघाल्या तेव्हा रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज नामंजूर केला, कारण बँक मागणाऱ्या बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. बायका गावी परतल्या, शिकायला बसल्या, आणि पुन्हा गेल्या तेव्हा म्हणाल्या की रक्कम सांगा, व्याज आम्ही तोंडी काढून दाखवतो. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. गोष्ट संपली तेव्हा सगळ्यांच्या नजरा अक्कांकडं होत्या.

बाजाराचा भाग सकाळपासूनच चालू असायचा. पटांगणाच्या कडेनं बाकं लावून कारळ्याची, जवसाची, शेंगदाण्याची चटणी, कुरडया, सांडगे, वाकळी, घोंगड्या. पहिली काही वर्षं विक्री व्हायची पण हातात काही उरायचं नाही. मग एका मेळाव्यात गटांचं काम बघणाऱ्या तालुक्याच्या सहयोगिनी ताईंनी भाषणाऐवजी फळा मागवला आणि चटणीचा हिशेब मांडायला घेतला. शेंगदाणे किती, मिरची किती, मीठ, लसूण, कांडपाचे पैसे, पिशवी, एसटीचं भाडं. बायका भराभर सांगत होत्या. मग ताईंनी विचारलं, "आणि मजुरी?" कुणी काही बोलेना. "आमची मजुरी कशाला धरायची, घरातच तर करतो," असं एकजण म्हणाली. ताई म्हणाल्या, "तोच दिवस दुसऱ्याच्या रानात खुरपायला गेलात तर हजेरी घेता ना? मग ही हजेरी कुणी बुडवली?"

फळ्यावर मजुरी चढली आणि किलोचा भाव वाढला. गिऱ्हाईक तुटेल अशी धास्ती होती. थोडं तुटलंही. पण पुढच्या मेळाव्यापासून प्रत्येक बाकावर एक वही दिसू लागली, त्यात मजुरीचा रकाना वेगळा आखलेला. आईच्या वहीत तो रकाना लाल शाईचा होता. पुढं आमच्या बायका पुण्याच्या भीमथडी जत्रेला गेल्या, मुंबईच्या महालक्ष्मी सरसला गेल्या, तिथं शहरातल्या गिऱ्हाइकांनी भाव पाडून मागितला तेव्हा न बिचकता म्हणाल्या, "ताई, यात आमची हजेरी हाय." हे सांगताना त्यांच्या आवाजात जो ताठा असायचा तो ऐकायला मला आजही आवडतं.

बँकेचे साहेब यायचे त्याची मजा वेगळी. नाबार्ड या शेती आणि ग्रामविकासाच्या राष्ट्रीय बँकेनं १९९२ मध्ये बचतगट बँकांना जोडायला सुरुवात केली, पण कागदावरची गोष्ट आमच्या शाखेपर्यंत यायला वेळ लागला. एका शाखेत तर गटाच्या कर्जासाठी नवऱ्यांच्या सह्या मागत. मंडळानं ठरवलं, मेळाव्याला साहेबांना बोलवायचं, पण स्टेजवर बसवायचं नाही, सतरंजीवर आपल्यात बसवायचं आणि प्रश्न विचारायचे. साहेब भले निघाले. मांडी घालून बसले, चहा घेतला आणि दीड तास उत्तरं दिली. "कर्ज आमचं, फेडणार आमी, मग सही त्येंची कशापायी?" या प्रश्नावर ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "लागत नाही. उद्या या." दुसऱ्या दिवशी चार गट शाखेच्या दारात उभे होते.

२०१३ चं जानेवारी मात्र मनातून जात नाही. दुष्काळ एवढा की बायका जनावरं घेऊन चारा छावणीवर मुक्कामाला होत्या. यंदा मेळावा नको, असं सगळे म्हणत होते. मंडळाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, बाया जिथं हायत तिथं मेळावा. छावणीच्या कडेला, उसाच्या वाड्याच्या गंजीशेजारी ताडपत्री बांधली. माईक नव्हता. जमाखर्च वाचला गेला, आवाज मोठा करून, मागं जनावरं हंबरत असताना. त्या वर्षी "थकबाकी न्हाई" म्हणणारे गट थोडेच होते. पण एकाही गटानं वाचन टाळलं नाही. कर्जाचे हप्ते पुढं ढकलायचे, व्याज सहा महिने घ्यायचं नाही, आणि जिच्याकडं दूध आहे तिनं छावणीतल्या लेकुरवाळ्या बायांच्या पोरांना रोज थोडं द्यायचं, असे तीन ठराव झाले. मी त्या दिवशी ठराव लिहून घेत होते. तोपर्यंत मी दफ्तर लिहायला शिकले होते, आणि त्या तीन ठरावांखाली ज्या सह्या आणि अंगठे आहेत ते पान मी जपून ठेवलं आहे.

संक्रांतीच्या आसपासचे दिवस म्हणून मेळाव्याच्या शेवटी हळदीकुंकू असायचं. सुरुवातीला विधवा बायका त्या वेळी हळूच उठून पोरांच्या खोलीकडं यायच्या. मी तिथंच असायचे, त्यामुळे त्यांचे चेहरे मी जवळून पाहिले आहेत. ज्या बाईनं तासाभरापूर्वी हजारोंचा हिशेब वाचला, ती वाण वाटताना बाहेर? हे चूकच होतं, आणि चूक असल्याचं सगळ्यांना कळत होतं. एका वर्षी आईनंच वाटप सुरू करताना पहिलं वाण मंडळाच्या खजिनदार काकूंच्या हातात ठेवलं. त्यांचे यजमान आदल्याच वर्षी गेले होते. कुणी कुजबुजलं, पण कुणी आडवं आलं नाही. पुढं मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्यभर त्याची चर्चा झाली तेव्हा काकू पेपर घेऊन आमच्या घरी आल्या. आईला वाचून दाखवायचा होता त्यांना. वाण म्हणून आम्ही वही आणि पेन देतो, अजूनही.

उखाण्यांची तर चढाओढच लागायची. नवऱ्याचं नाव घेण्याचे जुने उखाणे यायचेच, पण हळूहळू नवे आले. एका भावजयीचा अख्ख्या गावाला पाठ आहे: "दर महिन्याला बचत, दोन टक्के व्याज, रावांच्या शेजारी माझं नाव सातबाऱ्यावर आज." ते खरंच त्या वर्षी चढलं होतं. राव मांडवाच्या बाहेर चहाच्या पिंपाशी उभे होते, त्यांना बायकांनी ओढून आत आणलं आणि टाळ्या वाजवल्या. १९८६ ला चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं, त्या चळवळीतून पुढं आलेला जमीन बाईच्या नावावर करण्याचा विचार आमच्या गावात असा उखाण्यातून पोचला.

२०११ नंतर पंचायतींत निम्म्या जागा बायकांना आल्या आणि मेळाव्याच्या सत्कारांत सरपंच, सदस्य वाढल्या. मंडळाचा इथंही दंडक आहे. सत्कार जिचा तिनंच वर यायचं आणि दोन वाक्यं तरी स्वतः बोलायची. एकदा एका नव्या सरपंचबाईंच्या वतीनं त्यांचे मालक बोलायला उठले. अध्यक्षबाईंनी हसून सांगितलं, "दादा, बसा. तुमचं आमी रोज ऐकतो." सरपंचबाई उठल्या. बोलताना अडखळल्या, थांबल्या, पण बोलल्या, आणि त्याच महिन्यातल्या महिला ग्रामसभेत पाण्याच्या टाकीचा विषय त्यांनीच लावून धरला.

अलीकडं तालुक्यात मोठे महिला मेळावे होतात. मोठा मांडव, नावाजलेले पाहुणे, पैठणीचे खेळ. बायका हसतात, नाचतात, घरच्या कामातून सुटून दोन घटका मोकळ्या होतात, याचा मला आनंदच आहे. आमच्याकडंही जेवणानंतर झिम्मा-फुगडी झाल्याशिवाय कुणी घरी जात नाही. पण पैठणी एकीलाच मिळते आणि माईक निवेदकाच्या हातातून सुटत नाही, हे मला खटकतं. त्या मेळाव्यांनीही अर्धा तास जमाखर्चाला द्यावा असं मी दरवेळी संयोजकांना सांगते. दोन ठिकाणी ऐकलं. तिथल्या बायकांनी आधी आढेवेढे घेतले आणि नंतर वेळ वाढवून मागितला.

आता पेट्या गेल्या, पैसे थेट खात्यात जातात, बाकावर क्यूआर कोडचा कागद असतो. उमेद या सरकारी अभियानाच्या ग्रामसंघात, म्हणजे गावातल्या गटांच्या संघात, आमचे गट आले आणि दफ्तरं वाढली. वाचन मात्र तसंच आहे. अक्का आता नाहीत. त्यांच्या गटात त्यांची सून आहे, ती मोबाईलवर हिशेब ठेवते, पण वाचताना मोबाईल बंद करून सासूसारखं तोंडपाठ सांगते. गेल्या खेपेला एका आकड्याशी ती अडली तर समोरून तिघी-चौघींनी तो आकडा एकदम ओरडून सांगितला. यंदा वाचनाची पाळी तिच्या गटातल्या सगळ्यात नव्या सभासदाची आहे. मुलगी नुकतीच लग्न होऊन आली आहे, फार लाजते. तिच्या सासूनं परवा मला विचारलं, सरावाला रोज संध्याकाळी पाठवू का. मी म्हटलं, पाठवा, आणि तुम्हीही या.