फाईल नका मागू, कागद मागा

पोरगं फौजेत होतं, ते गेलं त्याला आता दोन वर्षं होतील. परवा पोस्टमनने एक जाड पाकीट आणून दिलं, सही घेतली आणि गेला. आत ६४ पानं, झेरॉक्सच्या झेरॉक्स, काही तिरकी आलेली, काही इतकी फिकट की उन्हात धरून वाचावी लागतात. त्याच्या शेवटच्या दिवसांचे मेडिकलचे कागद. ते मिळवायला मला चौदा महिने लागले, आणि कसे मिळवले हे लिहून ठेवतोय कारण त्या काळात मला कोणी नीट सांगणारं भेटलं नाही, जो तो म्हणायचा कशाला उकरून काढताय.

तर कशाला. शनिवारी त्याचा फोन आला होता, अण्णा थोडी कणकण आहे, सिक रिपोर्ट केलाय, एमआय रूमला (युनिटचा छोटा दवाखाना) गोळ्या दिल्यात. एवढंच. मग मंगळवारी संध्याकाळी युनिटमधून फोन की सिरियस आहे, आणि आम्ही तिकिटाची धावाधाव करतोय तोवर बुधवारी पहाटे दुसरा फोन. बॉडीबरोबर आलेले सुभेदार साहेब चांगले होते, शेजारी बसून राहिले, पण त्यांनाही एवढंच माहीत की मलेरिया डोक्यात गेला. डेथ सर्टिफिकेटवर एक ओळ. आता शनिवार ते बुधवार या मधल्या दिवसांत काय झालं, कोणी बघितलं, औषध कधी चालू केलं, आम्हाला मंगळवारपर्यंत का नाही कळवलं, हे बापाने विचारू नये का? मला कोणावर केस करायची नव्हती, आजही नाही. पण झोप लागत नव्हती हे खरं.

पहिली चूक माझी. मी साध्या कागदावर अर्ज लिहिला, "माझ्या मुलाची संपूर्ण मेडिकल फाईल मिळावी" आणि त्याच्या युनिटला पाठवला. दोन महिने काही नाही. मग जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेलो, तिथे कल्याण संघटक म्हणून एक निवृत्त सुभेदार बसतात, त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, काका, युनिट आता तिसरीकडे गेलं असेल, जवान वारला की त्याचे कागद रेकॉर्ड ऑफिसला जातात, युनिटच्या दारात उभं राहून उपयोग नाही. हे रेकॉर्ड ऑफिस प्रत्येक रेजिमेंटचं, कोअरचं वेगळं असतं. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला, सिग्नलचं जबलपूरला, ईएमईचं, म्हणजे गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या कोअरचं, सिकंदराबादला. आमच्या मुलाचं कुठलं ते इथे लिहीत नाही. अर्जात आर्मी नंबर, रँक, पूर्ण नाव, युनिट आणि मृत्यूची तारीख एवढं पाहिजेच, नाहीतर तिथला क्लार्क तरी कुठे शोधणार, एका नावाचे दहा जण असतात.

मग रेकॉर्ड ऑफिसला लिहिलं. तिकडून उत्तर आलं की तुम्ही एनओके नाही. एनओके म्हणजे नेक्स्ट ऑफ किन, आणि लग्न झालं की ती जागा बायकोची. नियम म्हणून बरोबरच आहे, तिचा हक्क आहे, पण पत्र हातात घेतलं तेव्हा मात्र वाटलं, अठ्ठावीस वर्षं मी कोण होतो मग. माझ्या बायकोने ते पत्र वाचलंच नाही, देव्हाऱ्याखालच्या ड्रॉवरमध्ये सरकवून दिलं.

इथे एक नाजूक गोष्ट आहे ती सांगतो. पोरगा गेल्यावर सासू-सासरे आणि सून यांच्यात पेन्शनवरून, पैशावरून वितुष्ट येतं असं आजूबाजूला बघितलंय, आमच्याकडेही महिनाभर बोलणं बंद होतं, दोष कोणाचा ते सोडा. सून माहेरी होती. मी स्वतः गेलो, म्हणलं बाळा मला पैशातलं काही नको, त्याचे दवाखान्याचे कागद बघायचेत फक्त. ती आत गेली, बराच वेळ आलीच नाही, मला वाटलं नाही म्हणणार. तर आतून कोरा कागद आणि पेन घेऊन आली, सांगा अण्णा काय लिहू. तिच्या सहीचं ते संमतीपत्र, "माझे सासरे यांना कागदपत्रे देण्यास माझी हरकत नाही", हाच पुढे सगळ्यात कामाचा कागद ठरला.

त्यानंतर माहिती अधिकार. २००५ चा कायदा, १० रुपयांची पोस्टल ऑर्डर, अर्ज साधारण ५०० शब्दांच्या आत ठेवायचा, ऑनलाइन पोर्टलवरही करता येतो. सेना या कायद्यात येते हे लक्षात ठेवा. बीएसएफ, सीआरपीएफ, आयटीबीपी, आसाम रायफल्स वगैरेंना मात्र कलम २४ खाली सूट आहे, तिथे फक्त भ्रष्टाचार किंवा मानवी हक्कांच्या उल्लंघनाचा मुद्दा असेल तरच दार उघडतं, तेव्हा तुमचं लेकरू त्या दलात असेल तर अर्जाची भाषा आधी कोणाला तरी विचारून घ्या. आणि सुट्टीवर आला असताना सिव्हिल नाहीतर खाजगी दवाखान्यात गेला असेल तर तो रस्ता वेगळा, डॉक्टरांच्या २००२ च्या नियमावलीत आहे की पेशंटने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यायचे. ते रेकॉर्ड तीन वर्षं ठेवायचं बंधन आहे, म्हणजे उशीर करू नका.

माझा पहिला आरटीआय ३० दिवसांच्या आत फेटाळला. कारण दोन, कलम ८(१)(जे) म्हणजे वैयक्तिक माहिती, आणि ८(१)(ई) म्हणजे डॉक्टर-पेशंटच्या विश्वासातली माहिती. अर्जात मी परत "संपूर्ण फाईल" लिहिलं होतं. सैनिक कल्याण कार्यालयातल्या सुभेदार साहेबांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, काका, फाईल नका मागू, कागद मागा. फाईल म्हणलं की वरच्याला भीती वाटते, आत काय काय आहे त्यालाच माहीत नसतं, नाही म्हणून मोकळा होतो. एकेका कागदाचं नाव लिहिलं की तो देता तरी येतो नाहीतर नाही हे तरी सांगावं लागतं.

मग आम्ही बसून नावं काढली. एमआय रूमच्या सिक रिपोर्ट रजिस्टरमधली त्या तारखेची नोंद. अ‍ॅडमिशनची केस शीट. टीपीआर चार्ट, म्हणजे ताप-नाडी-श्वास. ट्रीटमेंट चार्ट. नर्सिंग नोट्स. लॅबचे रिपोर्ट. एका हॉस्पिटलमधून दुसऱ्याला हलवतानाची ट्रान्सफर समरी. डीआयएलवर, म्हणजे डेंजरसली इल लिस्टवर कधी घेतलं त्याची तारीख-वेळ आणि घरी कळवल्याची नोंद. पोस्टमॉर्टेम झालं असेल तर तो रिपोर्ट. आणि भरतीच्या वेळची मेडिकल. पहिलं अपील ३० दिवसांत करायचं असतं, त्याला फी नाही. सोबत मृत्यूचा दाखला, नातं दाखवणारा कागद आणि सुनेचं संमतीपत्र लावलं. एकच मुद्दा मांडला, ज्याची वैयक्तिक माहिती म्हणताय तो राहिला नाही, त्याची बायको हो म्हणतेय आणि मागणारा बाप आहे.

या वेळी हो आलं. २ रुपये पानाला, १२८ रुपये झाले, १३० च्या पोस्टल ऑर्डरी पाठवल्या.

भरतीची मेडिकल मागायची हे मला सुचलं नसतं, तेही साहेबांनीच सांगितलं. सुनेला पेन्शन साधी लावली होती, मृत्यू सेवेमुळे धरला तर स्पेशल फॅमिली पेन्शन बसते, आणि त्यासाठी भरतीच्या वेळी माणूस ठणठणीत होता हे दाखवणारा कागद लागतो. सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग खटल्यात हेच धरलंय की भरतीवेळी नोंद नसलेला आजार पुढे निघाला तर तो सेवेतलाच असं मानून चालायचं, उलटं सिद्ध करायचं काम सरकारचं. तो खटला डिसॅबिलिटी पेन्शनचा होता पण वकील म्हणतात उपयोग होईल. तिचं अपील चालू आहे.

मी मात्र तो कागद वेगळ्याच कारणाने तीनदा वाचला. ओळखीची खूण असा रकाना असतो, त्यात लिहिलंय, डाव्या भुवईवर जुना व्रण. पाच वर्षांचा असताना गोठ्यात दावणीवर पडला होता, मीच उचलून नेलं होतं टाके घालायला. कुणा अनोळखी डॉक्टरने वाकून बघून तो लिहून घेतलाय.

बाकीचं भाच्याच्या बायकोने वाचून दाखवलं, ती नर्स आहे. ती वाचत होती आणि मधेच थांबत होती, मी म्हणलं थांबू नको. डीआयएलवर सोमवारी सकाळीच घेतलं होतं. आम्हाला फोन मंगळवारी संध्याकाळी. का ते कागदात नाही. औषध मात्र वेळेत चालू झालं होतं असं ती म्हणाली, दर आठ तासांनी सही आहे, आणि त्या सह्या बघून मला बरं वाटलं हे कबूल करतो, कोणीतरी रात्री दोनला उठून त्याच्याजवळ जात होतं. सोमवारी रात्री २.४० ची नर्सिंग नोट आहे, पेशंट कन्फ्यूज्ड, आस्किंग फॉर शूज. बूट मागत होता. भरतीच्या आधी १६०० मीटरच्या तयारीला मी त्याला पळायचे बूट घेऊन दिले होते, ते तो उशाशी ठेवून झोपायचा, आई ओरडायची. आता तेच बूट की ड्यूटीचे बूट, ते कोण सांगणार.

पानांवर खाली हाताने नंबर टाकलेत. अकरानंतर एकदम तेरा आहे. बारावं पान रविवारच्या ट्रीटमेंट चार्टचं असणार. त्या एका पानासाठी केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरं अपील टाकतोय, ९० दिवसांची मुदत आहे, त्यातले वीस गेले. मुलगी म्हणते बाबा आता बास. बायको काही म्हणत नाही, पण काल संध्याकाळी ते पाकीट टेबलावरून हललेलं होतं आणि तिचा चष्मा त्याच्यावर होता.

सुनेचा फोन आला होता, तिलाही एक सेट पाहिजे. चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडे दिलाय, फिकट पानं जरा डार्क काढ म्हणून सांगितलंय.