ठाणे खाडी, ऐरोलीहून: रविवार नको, तिथी बघा

ऐरोलीहून खाडीत चिखलातले जीव आणि बोटीतून फ्लेमिंगो बघायला जायचं तर आधी कॅलेंडरवरची तिथी बघावी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते; किनाऱ्यावरचा हा जुना हिशेब अंदाजापुरता आजही पुरतो. आम्ही माघ वद्य चतुर्थी धरली. चारची पाऊणपट तीन, म्हणजे किनाऱ्यावर भरती दुपारी तीनच्या सुमारास आणि ओहोटी त्याआधी सहा-सव्वासहा तास. खाडीच्या आत पाणी थोडं उशिरा चढतं-उतरतं, ते धरून चालायचं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी, त्यामुळे चिखल पुरेसा उघडा पडत नाही. उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, पाणी जोरात येतं आणि मधला उपयोगाचा वेळ चटकन संपतो. चतुर्थी-पंचमी त्या मानाने बरी.

सकाळी ओहोटीला तिवरांच्या कडेने चालावं. इथल्या खारफुटीत तिवरच जास्त. पेन्सिलीसारखी उभी श्वसनमुळं दिसली की तिवर. कांदळ कमानीसारख्या आधारमुळांवरून लगेच ओळखू येतो. तिवराच्या पानांवर मिठाचे बारीक कण जमतात. पान चाटून बघा, असं बरेच जण सांगतात. या खाडीत शहराचं सांडपाणी येतं, तेव्हा बोटाने चोळून कण पाहिले तरी पुरे. गेव्याची फांदी मात्र मोडू नये, त्याचा दुधी चीक डोळ्यांत गेला तर फार आग होते.

चिखलात काहीच नाही असं वाटलं तर एका जागी दहा मिनिटं स्थिर राहावं. आपली सावली पडली की सगळे बिळात जातात, म्हणून सूर्य समोर किंवा बाजूला ठेवावा. आधी बिळांभोवती चिखलाच्या बारीक गोळ्या दिसतात: खेकड्याने चिखलातलं खाणं काढून घेऊन टाकलेला उरलेला भाग. मग एकच नांगी मोठी असलेला नर बाहेर येतो, ती वर-खाली हलवत राहतो आणि खातो मात्र लहान नांगीनेच. निवट्या जवळच असतात. कल्ल्यांच्या पोकळीत पाणी भरून आणि ओल्या कातडीतून श्वास घेत हा मासा चिखलावर फिरतो. दुर्बिणीतून त्याचे डोळे बघा: मधूनच खोबणीत ओढले जातात आणि ओले होऊन वर येतात.

चिखलात उतरायचा मोह आवरावा. पाय रुतलाच तर सरळ वर खेचू नये, पोकळी होऊन चिखल आणखी आवळतो. वजन मागे टाकून पाऊल डावी-उजवीकडे हलवायचं, कडेने पाणी-हवा शिरली की सुटतं. गमबूट आत राहतो आणि पाय बाहेर येतो. नाडीचे जुने कापडी बूट बरे. अनवाणी तर नाहीच, कालवांच्या शिंपा ब्लेडसारखं कापतात.

बोट भरती चढताना घ्यावी. वेळा भरतीप्रमाणे रोज बदलतात, म्हणून आधी विचारून जागा राखा. पूर्ण ओहोटीला बोट गाळात बसते, पूर्ण भरतीला पक्ष्यांना उभं राहायला जागा नसते आणि थवे आतल्या तळ्यांकडे निघून जातात. मधल्या काळात पाणी चढतं तसे ते उरलेल्या चिखलावर गोळा होतात. थव्यात लहान फ्लेमिंगोच बहुसंख्य: चोच गडद लालसर, खाणं सूक्ष्म शेवाळ. मोठ्याची चोच गुलाबी, टोक काळं. राखाडी दिसतात ती पिल्लं, वेगळी जात नव्हे. बोट आणखी जवळ न्या, असा आग्रह करू नये. चिखल बुडेपर्यंतच त्यांना चरता येतं आणि उडवलेला थवा तो वेळ गमावतो. इंजिन बंद केल्यावर उभं राहू नये. एका बाजूला गर्दी झाली की बोट कलते आणि कोणाचाच फोटो धड येत नाही.

२०१५ साली इथे फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं, २०२२मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, नाव आलं. त्यामुळे गर्दी वाढली आहे, सुट्टीच्या दिवशी विशेष. ८×४२ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण, टोपी, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि पाणी जवळ ठेवा. बोटीवर सावली आणि स्वच्छतागृह मिळेल असं गृहीत धरू नका. दुपारचं ऊन फोटोला वाईटच. सकाळची भरती हवी असेल तर दशमी-एकादशी निवडा: साडेसात ते सव्वाआठ. फेब्रुवारी ते एप्रिल पक्षी भरपूर असतात, पावसाच्या तोंडावर बहुतेक निघून जातात.