टॉरेंटचा वेग आणि अपलोडची मर्यादा

शाहूपुरीत माझ्या मावसभावाचा संगणक क्लास आहे. तेथील जुन्या संगणकांवर लिनक्स मिंट ही मोफत संचालन प्रणाली बसवायची ठरली, म्हणून गेल्या महिन्यात राजारामपुरीतील घरी त्याची सुमारे ३ जीबीची फाइल मी टॉरेंटने, म्हणजे अनेकांच्या संगणकांवरून तुकड्यातुकड्यांनी, उतरवायला घेतली. आमची जोडणी ४० एमबीपीएसची, म्हणजे आठ बिटांचा एक बाइट या हिशेबाने सेकंदाला ५ एमबी मिळायला हवेत. मिळत होते जेमतेम ७०० केबी. सीडर, म्हणजे पूर्ण फाइल जवळ असून ती इतरांना देणारे, भरपूर होते, तेव्हा दोष घरातच शोधणे भाग होते.

तो टॉरेंट प्रोग्रॅमच्या अपलोड मर्यादेच्या रकान्यात सापडला. तेथे मर्यादा घातलेलीच नव्हती आणि आमचा अपलोड केवळ २ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला २५० केबी आहे. आलेल्या डेटाची पोच आपल्या संगणकाला सतत परत पाठवावी लागते. जाण्याची वाट अपलोडनेच तुडुंब भरली की ही पोच रांगेत अडकते आणि ती उशिरा मिळाल्यामुळे पाठवणाराही हात आखडता घेतो. मर्यादा २०० केबीवर, म्हणजे क्षमतेच्या ८० टक्क्यांवर आणताच काही मिनिटांत वेग ४ एमबीच्या वर गेला.

मग अपलोड जवळजवळ बंदच का करू नये, असे भावाने विचारले. मला ते मुळीच पटत नाही. ब्रॅम कोहेन यांनी २००१ मध्ये बिटटॉरेंट, म्हणजेच टॉरेंटची ही पद्धत, पुढे आणली ती देवाणघेवाणीच्या पायावर: ज्यांची फाइल अपुरी आहे असे पीअर, म्हणजे देवाणघेवाणीतले इतर संगणक, आपल्याला अधिक देणाऱ्यालाच प्राधान्याने देतात आणि मूळ रचनेत ही निवड दर १० सेकंदांनी नव्याने होते. नवख्यासाठी दर ३० सेकंदांनी परतफेडीची अपेक्षा न ठेवता एखाद्याला देण्याची सोय तीत आहे, परंतु तेवढ्यावरच विसंबणारा मागे राहतो. सीडर पुष्कळ असतील तेथे हे जाणवत नाही. दुर्मीळ फाइलच्या वेळी मात्र तासन्‌तास जाणवते.

इतर पीअरना आपल्याशी जोडता यावे म्हणून राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत येण्याचे दार, उघडूनही कोणी जोडले जात नसेल, तर राउटरला मिळालेला इंटरनेटचा (आयपी) पत्ता पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर अनेक ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवलेले असतात आणि पोर्टची सारी खटपट व्यर्थ ठरते. आमचा पत्ता तसाच निघाला. स्वतंत्र पत्ता किंवा आयपीव्ही६ हा नव्या पद्धतीचा पत्ता मिळावा, अशी विनंती मी केबलवाल्यांकडे केली आहे. तोवर ज्यांचे पोर्ट उघडे आहे त्यांच्यापर्यंतच मिंटची फाइल मी रोज रात्री पोहोचवतो.