पीएचडी थिसिसचं प्लेजरिझम चेकिंग: माझा अनुभव

माझा थिसिस नगर जिल्ह्यातल्या सहकारी साखर कारखान्यांवर आहे, इंग्रजीत. लिखाण, प्री-सबमिशन सेमिनार, फी सगळं व्यवस्थित पार पडलं. अडलं ते लायब्ररीत प्लेजरिझम (वाङ्मयचौर्य) रिपोर्टला, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

रिपोर्ट आला १७%, म्हणजे थिसिसमधला एवढा मजकूर दुसरीकडच्या लिखाणाशी जुळतोय. काउंटरवर एकच उत्तर, "मॅडम, १० च्या आत आणा, मग सर्टिफिकेट." नेमकं काय जुळलंय ते दाखवा म्हटलं तर टक्केवारीचं पहिलं पान हातात दिलं. शेवटी गाइड मॅडमनी पत्र दिलं तेव्हा कुठे पूर्ण रिपोर्ट मिळाला. बघते तर अख्खी बिब्लिओग्राफी रंगवलेली! सहकाराचे अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुस्तकांची प्रत्येक नोंद लाल, का तर तीच नोंद शोधगंगेवरच्या (भारतातले थिसिस ऑनलाइन ठेवतात ती साइट) इतरांच्या थिसिसमध्येही आहे. अहो, या विषयावर लिहिणारा प्रत्येकजण गाडगीळ वाचणारच ना. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मधल्या व्याख्या मी अवतरणात, कलम नंबरासकट दिल्या होत्या, त्या पण लाल. कायद्याची व्याख्या मी माझ्या शब्दांत कशी लिहू? म्हणजे जिथे जिथे मी सांगितलं की हे माझं नाही, अमक्याचं आहे, नेमकं तिथेच मला चोर ठरवलं.

आणि त्यावर सल्ला काय, तर कोट (अवतरणं) काढून टाका, वाक्यं फिरवून लिहा. बाहेर झेरॉक्सच्या दुकानात पानामागे पैसे घेऊन "प्लेजरिझम कमी करून" देतात, शब्द बदलतात, संदर्भ उडवतात, टक्के खाली येतात. खरी चोरी ती आहे! मराठी पुस्तकातलं पानच्या पान नाव न देता इंग्रजीत उतरवलं तर मशीनला बहुतेक वेळा कळतही नाही, पण ती पण चोरीच. माझ्या ज्युनियर्सना मी हे पुन्हा पुन्हा सांगते.

मी एकही कोट काढला नाही. यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) प्लेजरिझमबद्दलचे २०१८ चे रेग्युलेशन्स डाउनलोड केले आणि प्रिंट घेऊन गेले. त्यात स्पष्ट लिहिलंय की श्रेय देऊन घेतलेले उतारे, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश, कायदे, स्टँडर्ड समीकरणं हे तपासणीतून वगळायचं. सलग १४ शब्दांपर्यंतचं योगायोगाने जुळणारं पण धरायचं नाही. तरी "सिस्टिममध्ये असंच येतं" चालूच. सिस्टिममध्ये कोट्स आणि बिब्लिओग्राफी वगळायचे ऑप्शन असतात, ते कोणी टिक केलेच नव्हते! विभागप्रमुखांचा फोन गेल्यावर पुन्हा रन केलं, ६% आले. तेव्हा जो जीव भांड्यात पडला!

तेच १७ कायम राहिले असते तर रेग्युलेशनप्रमाणे मी लेव्हल १ मध्ये गेले असते, म्हणजे सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून पुन्हा सबमिट. ४० च्या वर एक वर्ष थांबायचं, ६० च्या वर रजिस्ट्रेशनच रद्द. त्यामुळे काउंटरवर गप्प बसू नका, रेग्युलेशनची प्रिंट जवळ ठेवा.

एक राहिलंच, कोटला दुहेरी अवतरणचिन्ह द्या, आमच्याकडच्या सॉफ्टवेअरला एकेरी कळत नव्हतं. संदर्भसूचीला साधं रेफरन्सेस किंवा बिब्लिओग्राफी असंच हेडिंग द्या, नाहीतर ती वगळली जात नाही. नोट्स काढतानाच पुस्तक आणि पान नंबर लिहा, झोटेरो हे संदर्भ साठवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, पहिल्या वर्षापासून वापरा. स्वतःच्या छापलेल्या पेपरमधला मजकूर प्रकरणात घेतला असेल तर तळटीपेत तसं सांगा, आमच्याकडे त्यासाठी गाइडचं वेगळं पत्र लागलं.

आणि निष्कर्षाचं प्रकरण वेगळं तपासून घ्या. तिथे १०% ची सूट धरून चालू नका, निष्कर्ष आणि शिफारशी पूर्ण स्वतःच्याच हव्यात असं त्याच रेग्युलेशनमध्ये आहे.