सर्व्हेचे पैसे कोणी भरायचे, हा अर्धाच प्रश्न

घरविक्रीतला सर्व्हे म्हणजे जमिनीची मोजणी नव्हे. छप्पर, ओल, भेगा, गटारं पाहून घराची अवस्था सांगणारा तज्ज्ञाचा अहवाल, तो सर्व्हे. इंग्लंडमध्ये तो करून घेणं खरेदीदाराच्या गळ्यात. आधी किंमत ठरते, मग सर्व्हेअर जातो, भिंतीत ओल निघते आणि पुन्हा घासाघीस सुरू होते. करारांची देवाणघेवाण होईपर्यंत दोघंही बांधील नसतात, त्यामुळे व्यवहार फिसकटला की फी पाण्यात. पुढच्या गिऱ्हाईकाने त्याच घरासाठी नव्याने पैसे मोजायचे. पहिला अहवाल हातात आला तरी सहसा उपयोग नाही, कारण सर्व्हेअर उत्तरदायी असतो तो ज्याने काम दिलं त्याला.

२००७ साली तिथे विक्रेत्याच्या खर्चाने 'होम इन्फर्मेशन पॅक', म्हणजे घराबद्दलच्या कागदांचा संच, सक्तीचा झाला. पण त्यातला घराच्या स्थितीचा अहवाल, म्हणजे सर्व्हेच, २००६ मध्येच ऐच्छिक करून टाकला होता! मालकीचे कागद आणि ऊर्जा प्रमाणपत्र उरलं. दाणा गेला, टरफल राहिलं. मे २०१० मध्ये पॅक स्थगित झाला, त्याचं नवल नाही.

स्कॉटलंडने मात्र दाणा ठेवला. १ डिसेंबर २००८ पासून 'होम रिपोर्ट'मध्ये तीन गोष्टी लागतात: मूल्यांकनासह सर्व्हे, ऊर्जा अहवाल आणि विक्रेत्याने भरलेली प्रश्नावली. सर्व्हेत प्रत्येक भागाला १ ते ३ श्रेणी. ३ म्हणजे दुरुस्ती तातडीची. घर बाजारात येताना अहवाल १२ आठवड्यांपेक्षा जुना चालत नाही. नव्या बांधकामाला सूट आहे. पैसे विक्रेता भरतो, तरी सर्व्हेअरची जबाबदारी खरेदीदारापर्यंत पोचते. माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. ही तरतूद नसेल तर विक्रेत्याने आणलेला अहवाल म्हणजे नुसती जाहिरात.

घर महिनोन्‌महिने विकलं गेलं नाही की अहवाल शिळा होतो, बँक ताजं मूल्यांकन मागते, हा त्यातला कच्चा दुवा.

नॉर्वेने दुसरं टोक धरलं. १ जानेवारी २०२२ पासून खरेदीदार सामान्य ग्राहक असेल तर विक्रेत्याला घर 'आहे त्या स्थितीत' असं मोघम लिहून विकता येत नाही. अहवालातल्या दोषाबद्दल खरेदीदाराला नंतर तक्रार करता येत नाही, पण न सांगितलेला दोष विक्रेत्याच्या माथी. त्यामुळे चांगला अहवाल घेण्यात विक्रेत्याचाच फायदा. दोष गंभीर असेल तर दुरुस्तीच्या खर्चाचा अंदाजही अहवालात द्यावा लागतो.

पैसे कोणीही भरो, अशी तपासणी मुख्यतः डोळ्यांनीच होते. स्कॉटलंडच्या सर्व्हेत सर्व्हेअर जड सामान हलवत नाही, बसवलेला गालिचा उचकटत नाही. म्हणून अहवाल हाती आल्यावर श्रेणींच्या आधी 'पाहता आले नाही' असं जिथे जिथे लिहिलंय त्या ओळी वाचाव्यात. माळा, फरशीखालची पोकळी, सपाट छप्पर बहुधा तिथेच सापडतात, आणि महागड्या दुरुस्त्याही.